आमच्या घरातले आजगरपर्व

दिवाळीच्या फराळाशी बसून सापांचा विषय काढू नये, असे आमच्या घरातील मंडळींचे म्हणणे. ते मला मान्य आहे. परंतु आमच्या बीड जिल्ह्यात दिवाळी आणि साप यांची गाठ आपोआपच पडते. दसरा झाला, की ऊसतोडीच्या टोळ्यांची बांधाबांध सुरू होते. दिवाळीच्या आगेमागे बैलगाड्या आणि ट्रॅक्टर कारखान्यांच्या वाटेला लागतात. पुढचे पाच-सहा महिने ही माणसे उसाच्या फडात राबतात आणि रात्री पाचटाच्या कोपीत जमिनीवर निजतात. फडात उंदीर असतात, आणि उंदरांमागे साप. गावात उरतात ती म्हातारी माणसे आणि त्यांच्या हवाली केलेली शाळकरी पोरे. अशाच एका पोराची आणि माझ्या एका चुकीची हकीकत मला सांगावयाची आहे. तिच्यासाठी जरा लांबच्या इतिहासात शिरावे लागेल; वाचकांनी तेवढा धीर धरावा.

प्रथम आमच्या घरच्या अजगराविषयी.

साल १९९०. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. आमचे गाव बालाघाटच्या डोंगररांगेत, पाटोद्याच्या बाजूला. नागपंचमीच्या सुमारास गावात गारुडी येत. त्यांच्या टोपल्यांत नाग असत, धामण असे, आणि दोन तोंडांचा म्हणून मिरवलेला मांडूळही असे. त्या वर्षी आलेल्या गारुड्याने मात्र पोत्यातून एक अजगर काढला. चांगला सात हात लांब, मांडीएवढा जाड, अंगावर तपकिरी चट्ट्यांची नक्षी. आमचे थोरले चुलते, त्यांना आम्ही नाना म्हणत असू, तालमीत घुमलेले पैलवान गडी. त्यांनी तो खांद्यावर घेतला आणि पारावरची सगळी माणसे आ वासून पाहत राहिली. संध्याकाळी चार पायल्या ज्वारी आणि दीडशे रुपये देऊन नानांनी तो घरी आणला. आजीने कपाळाला हात लावला. नाना म्हणाले, "आई, माळवदावर, बळदात उंदरांनी उच्छाद मांडलाय. हा गडी एकटा घर राखील."

अजगराची सोय रिकाम्या बळदात झाली. वर लाकडी फळी आणि फळीवर पाटा. मी रोज सकाळी बशीत दूध ठेवी आणि संध्याकाळी त्यात बुडालेल्या मुंग्या पाही. अजगराने दुधाला कधी तोंड लावले नाही. गावची माणसे येत. नाना फळी काढत, दोन्ही हात घालून त्याला उचलत आणि गळ्यात घेऊन अंगणभर फिरत. शेजारगावच्या जत्रेतही त्यांनी त्याला नेले. आपल्या चुलत्याच्या गळ्यात अजगर आहे, या अभिमानाने मी त्या दिवशी जमिनीवर पाय ठेवीत नव्हतो.

एके दिवशी नानांनी कोंबडी कापली आणि हात नुसते धोतराला पुसून अजगराला उचलले. त्याला माणूस दिसला नसावा, कोंबडीचा वास आला असावा. त्याने नानांचे मनगट धरले आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच दंडाला आणि खांद्याला वेटोळे घातले. नानांनी जोर केला, तसे वेटोळे आवळले. हात काळानिळा पडू लागला. आई आणि चुलती ओरडत होत्या. शेवटी वाड्यासमोरून जाणारा एक म्हातारा धनगर आत आला. त्याने नानांना म्हटले, "पाटील, जोर करू नका. गप उभे राहा." मग त्याने अजगराची शेपटी हुडकली आणि दोर उकलावा तसे शेपटीकडून एकेक वेटोळे सोडवले. आपल्या अंगात बळ असून उपयोग झाला नाही, ही गोष्ट नानांना फार लागली. त्यानंतर त्यांनी तो गळ्यात घेतला नाही.

दिवाळी झाली, थंडी पडली. अजगर खाईनासा झाला. नानांनी त्याच्या तोंडात मांसाचे तुकडे कोंबले; दोन दिवसांनी त्याने ते तसेच बाहेर टाकले. तोंड उघडून पाहिले, तर हिरड्या सुजलेल्या आणि पुवाने भरलेल्या. गारुड्याने आधीच त्याचे दात उपटले होते. पौषात एका पहाटे तो बळदात काठीसारखा ताठ पडलेला सापडला. आजीने परसात खड्डा खणवला, त्याच्यावर तांब्याचा पैसा ठेवला आणि म्हणाली, "पाहुण्याला उपाशी मारलं रे आपण." त्या दिवशी आमच्या घरात चूल उशिरा पेटली.

पुढे मी मास्तर झालो, बालबच्च्यांचा बाप झालो, दोन-चार कादंबऱ्याही लिहिल्या. दर नागपंचमीला वर्गात मी नानांच्या अजगराची गोष्ट सांगे. मात्र कादंबरीकाराच्या लबाडीने ती मी जत्रेपर्यंतच सांगत असे. गळ्यात अजगर घातलेले नाना, तोंडात बोट घालणारी माणसे, आणि टाळ्या. सुजलेल्या हिरड्या, बाहेर पडलेले मांस आणि तांब्याचा पैसा मी गाळून टाकी. मुलांना आनंद होई आणि मलाही.

माझी चूक ती हीच. एका वर्षी, दिवाळीची सुट्टी संपल्यावर, पाचवीतला एक मुलगा पत्र्याचा डबा घेऊन शाळेत आला. आईबाप उसाला गेलेले, पोरगा आजीपाशी. डबा माझ्या टेबलावर ठेवून तो म्हणाला, "गुरुजी, अजगराचं पिल्लू आणलंय. आता आपण बी पाळू." माझ्या मनात शंका येण्यापूर्वीच त्याने झाकण काढले. आतून कुकरच्या शिट्टीसारखा लांब फुत्कार आला. पिवळट अंगावर काळ्या कडांचे गोल ठिपके, साखळीसारखे, तीन रांगांत. ती घोणस होती. मी त्याचा हात ओढला तोवर ती बोटाला डसली होती.

मुलगा वाचला. कोणाच्या तरी जीपमधून आम्ही त्याला आधी तालुक्याला आणि तेथून आंबेजोगाईला नेले. त्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले होते आणि हात कोपरापर्यंत सुजला होता. सलाईनमधून प्रतिसर्पविषाच्या बाटल्यामागून बाटल्या गेल्या. मध्यरात्री त्याची आजी माझ्याशेजारी बाकावर बसून एवढेच म्हणाली, "गुरुजी, तुमीच सांगितलं व्हतं म्हनं, तुमच्या घरी पाळलेला." तिने मला शिवी दिली असती तर बरे झाले असते.

तेव्हापासून मी सापांविषयी मिळेल ते वाचू लागलो. मी मॅट्रिकपलीकडे कॉलेज न पाहिलेला माणूस; शास्त्रज्ञ नव्हे. परंतु मोठे साप जवळ बाळगणाऱ्या माणसांचा इतिहास चाळताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली, आणि ती महाभारतकारांना फार पूर्वी दिसली होती.

वनपर्वात 'आजगरपर्व' नावाचे एक उपपर्व आहे. वनवासात भीमसेन रानात एकटा हिंडत असता एका प्रचंड अजगराने त्याला विळखा घातला. हजारो हत्तींचे बळ असलेल्या भीमाला हलता येईना. तो अजगर म्हणजे अगस्ती ऋषींच्या शापाने सर्प झालेला नहुष राजा. पुढे धर्मराज शोधत आला. त्याने गदा उचलली नाही. अजगराच्या प्रश्नांची उत्तरे दिली, आणि भीम सुटला. लहानपणी ही कथा मला नीरस वाटे. आता मला वाटते, की सापाशी वागण्याचे सारे शास्त्र तीत आहे. पाराखाली अजगर गळ्यात घालणारे माझे नाना भीम होते. तो म्हातारा धनगर त्या दिवसापुरता धर्मराज होता.

हे प्रश्न विचारण्याचे काम आपल्याकडे फार जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात सापांचे वर्ग केलेले आहेत. फणा असलेले ते दर्वीकर, अंगावर मंडले असलेले ते मंडली, रेघांचे ते राजिमंत, आणि निर्विष ते निराळे. मंडली वर्गात 'गोनस' आहे. हीच आपली घोणस. आणि अजगर निर्विषांच्या यादीत आहे. म्हणजे जी गल्लत माझ्या विद्यार्थ्याने केली, ती होऊ नये अशी तजवीज आपल्या पूर्वजांनी करून ठेवली होती. ती वर्गात सांगण्याचे काम माझे होते. मी जत्रा सांगत बसलो.

कंपनी सरकारच्या काळात पॅट्रिक रसेल नावाचा एक स्कॉटिश डॉक्टर कोरोमंडलच्या किनाऱ्यावर होता. विषारी कोणता आणि बिनविषारी कोणता, हे सामान्य माणसाला ओळखता यावे म्हणून त्याने साप जमवले, त्यांची चित्रे काढून घेतली आणि १७९६ मध्ये मोठा ग्रंथ छापला. घोणशीला इंग्रजीत आज त्याच्याच नावाने ओळखतात.

अजगर जवळ बाळगण्याने माणसाला काही ज्ञान मिळाले का? मिळाले, हे मान्य केले पाहिजे. १८३० च्या दशकात लामार-पिको नावाच्या एका फ्रेंच प्रवाशाने पॅरिसच्या विद्वानांना सांगितले, की हिंदुस्थानातली अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते आणि त्यांना ऊब देते. थंड रक्ताचा प्राणी ऊब देईल कसा, म्हणून विद्वानांनी ते उडवून लावले. पुढे १८४१ मध्ये पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयात एका मादीने अंडी घातली, आणि व्हॅलेन्सिएन या शास्त्रज्ञाने तिच्या वेटोळ्यांत उष्णतामापक घालून पाहिला. आतली उष्णता बाहेरच्यापेक्षा बरीच अधिक निघाली! अंगाचे स्नायू थरथरवून ती माता ऊब तयार करीत होती. अन्न न घेता ती दोन महिने तशी बसून राहते. आमच्या आजीला हे ठाऊक असते, तर तिने त्या खड्ड्यावर आणखी एक पैसा ठेवला असता.

मुंबईत १८८३ मध्ये नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली. परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसात १८९९ पासून प्लेगच्या लशीचे काम सुरू झाले. त्या संस्थेला १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. सर्पदंशावरचे औषध तयार करण्यासाठी तेथे विषारी साप पाळले जात. औषधाची युक्ती अशी, की घोड्याला विषाची अगदी अल्प मात्रा टोचावयाची आणि ती हळूहळू वाढवत न्यावयाची. घोड्याच्या रक्तात विषाला मारक द्रव्य तयार होते. ते वेगळे काढून शुद्ध करावयाचे. फ्रान्समध्ये १८९४ साली या मार्गाचा पाया घातला गेला. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर मिळून एकच औषध निघते. हाफकिनमध्ये काम केलेल्या डॉ. पी. जे. देवरसांनी १९६५ मध्ये भारतातील सापांवर सामान्य वाचकांसाठी इंग्रजीत पुस्तक लिहिले. आंबेजोगाईला माझ्या विद्यार्थ्याच्या शिरेत जे थेंबथेंब गेले, त्याच्यामागे घोड्यांचे, सापांचे आणि अशा माणसांचे शंभराहून अधिक वर्षांचे कष्ट होते.

घरात अजगर पाळण्याचा छंद पुढे कसे वळण घेऊ शकतो, याचा नमुना म्हणजे रोम्युलस व्हिटेकर. हा अमेरिकेत जन्मलेला मुलगा १९५१ साली आईबरोबर मुंबईला आला. त्याची आई कमलादेवी चट्टोपाध्याय यांची सून. मुलाला कोडाईकनालच्या निवासी शाळेत घातले, तर तेथे हा पठ्ठ्या पलंगाखाली पेटीत अजगर ठेवी! असे पोर माझ्या वर्गात असते तर मी काय केले असते, हा विचार मी अनेकदा केला आहे. पण त्या मुलाला सापाची सांगड गळ्याशी नव्हे, तर वहीशी घालणारी माणसे पुढे भेटली. मोठा होऊन त्याने मद्रासला सर्पोद्यान काढले, आणि १९७२ मध्ये ते गिंडीला नीट वसले.

त्याच साली देशात वन्यजीव संरक्षण कायदा झाला. सापांच्या कातड्यांचा व्यापार पुढे बंद पडला आणि तामिळनाडूतील इरुळा जमातीची रोजी गेली. साप शोधण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे. व्हिटेकर आणि इरुळांनी मिळून १९७८ मध्ये सहकारी संस्था काढली. साप धरावयाचा, कापडाने तोंड बांधलेल्या मडक्यात तीन-चार आठवडे ठेवावयाचा, आठवड्यातून एकदा विष काढावयाचे, पोटाच्या खवल्याला खूण करावयाची आणि त्याला रानात सोडून द्यावयाचे. खूण पाहिली, की तो साप लगेच पुन्हा धरावयाचा नाही. औषधाच्या कारखान्यांना लागणाऱ्या विषाचा फार मोठा भाग या मडक्यांतून आलेला आहे. साप सांभाळण्याची ही रीत मला सर्वांत शहाणी वाटते, कारण तिच्यात सोडण्याची तारीख आधीच ठरलेली असते.

मडक्यांवरून आपल्या बत्तीस शिराळ्याची आठवण होते. सांगली जिल्ह्यातील या गावी नागपंचमीच्या आधी काही दिवस मंडळी रानातून नाग आणीत, मडक्यात घालून घरी ठेवीत, सणाच्या दिवशी त्यांची मिरवणूक काढीत आणि मग ते रानात सोडून येत. धरण्याची त्यांची कला वाखाणण्यासारखी होती. परंतु मोठ्या नागाच्या चढाओढी आणि हजारोंची गर्दी सुरू झाली, तेव्हा भीमाने धर्मराजाला मागे सारले. हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिवंत नागांचे प्रदर्शन बंद झाले. २०२५ मध्ये केंद्र सरकारने शिक्षणाच्या हेतूने मोजक्या लोकांना मर्यादित परवानगी दिली, ती खेळाला किंवा मिरवणुकीला नव्हे.

पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांचे नाव माझ्या पिढीने शाळेत ऐकले. जानेवारी १९८० मध्ये ते काचेच्या खोलीत ७२ सापांबरोबर ७२ तास राहिले. त्यांतले बहुतेक विषारी होते. हा भीमाचा पराक्रम वाटतो. पण साप विनाकारण अंगावर येत नाही हे लोकांना दाखवावयाचे, असा त्यामागे हेतू होता. ते खोलीत सापांशी झगडले नाहीत, शांत बसून राहिले. १९८६ मध्ये कात्रजला सर्पोद्यान उभे राहिले, त्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. तिकडे गडचिरोलीत हेमलकशाला डॉ. प्रकाश आमट्यांनी १९७३ नंतर अनाथ पिल्ले सांभाळावयास घेतली. शिकाऱ्यांनी आणलेल्या माकडिणीच्या पिल्लापासून त्याची सुरुवात झाली. पुढे बिबटे, अस्वले, साप असे गोकुळच जमले. त्यांनाही एकदा घोणस चावली आणि मरणाच्या दारातून ते परत आले. सापांवर एवढे प्रेम आणि एवढा सराव असलेल्या माणसाची जर ही गत, तर पाचवीतल्या मुलाने डबा का उघडू नये, हे निराळे सांगावयास नको.

आता सातासमुद्रापलीकडे मोठे साप घरोघर पाळण्याचा परिणाम काय झाला, तेही पाहू. अमेरिकेत लोकांनी ब्रह्मदेशी अजगराची हातभर लांबीची पिल्ले हौसेने विकत घेतली. ती पाहता पाहता दहा-बारा फुटांची झाली. मग त्यांना खाऊ घालणे जमेना, पेटी पुरेना. फ्लोरिडात काहींनी गुपचूप रात्री नेऊन दलदलीत सोडून दिली, काही निसटली. आज एव्हरग्लेड्सच्या दलदलीत त्यांची प्रजा माजली आहे आणि तेथील ससे, रॅकून दिसेनासे झाले आहेत. २००९ साली तर एका घरात पेटीतून सुटलेल्या पाळीव अजगराने दोन वर्षांच्या मुलीचा जीव घेतला. २०१२ मध्ये सरकारने या जातीच्या आयातीवर बंदी घातली. पण घोडा पळाल्यावर पागेला कडी लावावी तसा तो प्रकार. आणि गंमत अशी, की २०१७ मध्ये ते अजगर शोधण्यासाठी फ्लोरिडाने बोलावले कोणाला? आपल्या तामिळनाडूतल्या दोन इरुळांना. त्यांनी काही आठवड्यांतच दोन डझनांहून अधिक अजगर काढून दिले. मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल या दोघांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

आपल्याकडे कायदा निराळा आहे. भारतीय अजगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघाच्या पंक्तीत म्हणाना. तो घरात ठेवणे हा गुन्हा असून त्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. नाग, धामण, घोणस यांनाही संरक्षण आहे. नानांना यातले काही ठाऊक नव्हते, तरी त्यांचे अजगर पाळणे तेव्हाही बेकायदाच होते. अलीकडे शहरांतील काही हौशी लोक आफ्रिकेतील छोटे अजगर विकत घेतात. अशा विदेशी प्राण्यांची वन विभागाकडे नोंद करण्याचे नियम २०२४ मध्ये आले आहेत.

ज्यांना कायद्याने आणि कामाने मोठे साप हाताळावे लागतात, ती प्राणिसंग्रहालयातील आणि पुनर्वसन केंद्रांतील माणसे काय पाळतात, ते वाचल्यावर मला नानांची प्रत्येक चूक दिसली. मोठ्या अजगराला एकट्याने हात लावावयाचा नाही. कमीत कमी दोघे हवेत. गळ्यात तर कधीच घ्यावयाचा नाही. हाताला भक्ष्याचा वास नको. उचलताना डोके पकडून लोंबकळत ठेवावयाचे नाही, सबंध अंगाला आधार द्यावयाचा. खाल्ल्यावर काही दिवस त्याला शिवावयाचे नाही. सापाला ऊब बाहेरून घ्यावी लागते. थंडीत पोटातले अन्न पचत नाही, सडते. दूध त्याचे अन्नच नव्हे; गारुड्याचा साप ते पितो, कारण त्याला कित्येक दिवस पाणीच दिलेले नसते. विळखा पडलाच, तर शेपटीकडून सोडवावयाचा. आणि विळख्याने श्वास कोंडतो एवढेच खरे नाही. २०१५ साली अमेरिकेत बोआ सापांवर झालेल्या संशोधनात असे दिसले, की विळख्याने भक्ष्याचे रक्ताभिसरणच काही क्षणांत बंद पडते. नानांचा हात काळानिळा पडला होता, तो त्यामुळेच.

मुलांसाठी आणखी दोन शब्द. घोणशीचे ठिपके गोल, रेखीव, साखळीसारखे रांगेत. डोके त्रिकोणी, खवले खरखरीत, फुत्कार मोठा. अजगराचे चट्टे मोठे, वेडेवाकडे. अंग तुळतुळीत, डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखी खूण. परंतु ही ओळख लांबून पाहण्यासाठी आहे, हात लावण्यासाठी नव्हे. साप चावलाच, तर कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. तो अवयव हलू न देता, माणसाला धीर देत, थेट सरकारी दवाखाना गाठावा. भगताच्या दारात गेलेला वेळ परत येत नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, असा अंदाज अभ्यासकांनी काढला आहे; म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. त्यांत शेतात राबणारी आणि जमिनीवर निजणारी माणसेच फार.

आमच्या जिल्ह्यातही धर्मराजाच्या वाटेने जाणारी माणसे आहेत, हे सांगितल्याशिवाय लेख संपवता येत नाही. शिरूर कासार तालुक्यातील तागडगावी सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे हे दांपत्य 'सर्पराज्ञी' नावाचे वन्यजीव पुनर्वसन केंद्र चालवते. जखमी पशुपक्षी आणि साप तेथे येतात, बरे होतात आणि पुन्हा रानात जातात. १९९० साली असे ठिकाण आमच्या माहितीत असते, तर तो सुजलेल्या हिरड्यांचा अजगर कदाचित पौष पाहू शकला असता.

नागपंचमीला मी वर्गात अजूनही ती गोष्ट सांगतो. पण आता तांब्याच्या पैशापर्यंत सांगतो. टाळ्या पडत नाहीत. मुले थोडा वेळ गप्प बसतात आणि मग प्रश्न विचारतात. ते प्रश्न मला टाळ्यांपेक्षा बरे वाटतात.

तो मुलगा आता मोठा झाला आहे. त्याचे एक बोट वाकडे राहिले. शिक्षण पुरे झाले नाही. आईबापांच्या मागे तोही कोयता घेऊन फडात जातो. गेल्या हंगामात एका सकाळी त्याचा फोन आला. उसाच्या सरीत मोठा साप निघाला होता. टोळीतली माणसे काठ्या घेऊन धावली. याने सगळ्यांना मागे सारले, बायकापोरांना बांधावर बसवले आणि सर्पमित्राला बोलावणे धाडले. दीड तास काम खोळंबले म्हणून मुकादम रागावला होता.

मी विचारले, "काय होता रे?"

"अजगर व्हता, गुरुजी. चट्टे वाकडेतिकडे व्हते, मी लांबून वळखला." जरा थांबून तो म्हणाला, "पन हात न्हाई लावला."